रोजच्या खरेदीतून नदीसाठी लढणाऱ्या संस्थेला बळ कसं द्यावं?

मृण्मयी_औंध | शनिवार, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी,

पुण्यात मुळा-मुठेसाठी काम करणारी ‘जीवितनदी’ ही संस्था इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. विठ्ठलवाडीचा मुठेचा काठ आणि औंधजवळचा रामनदी-मुळा संगम, हे दोन्ही काठ तिचे कार्यकर्ते घरचं अंगण असल्यासारखे सांभाळतात. नदीकाठच्या फेऱ्या आणि मुठाई महोत्सव तर आहेतच. शिवाय महापालिकेच्या ४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाबद्दल शहरातले जे नागरिक गट प्रश्न विचारत आले, त्यांतही ही मंडळी आहेत.

मला त्यांच्या कामातली एक गोष्ट फार पटते. नदीचं बोलताना ते आपल्या मोरीपासून सुरुवात करतात. भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर, फरशी पुसायचं द्रावण, शाम्पू, सगळं शेवटी नदीतच जातं. म्हणून विषमुक्त जीवनशैलीचा आग्रह. आमच्या इमारतीतल्या काही घरांनी त्याप्रमाणे खरेदी बदलली आहे. रिठा, शिकेकाई, साधा कपड्यांचा साबण, सुगंधी द्रव्यांना फाटा, असं चाललंय.

आता पुढचा विचार असा, की महिन्याच्या याच खरेदीतून अशा लढणाऱ्या संस्थांना पैशांचं बळही मिळावं. बाजारात ‘आमच्या नफ्यातला काही भाग पर्यावरणासाठी’ असं लिहिलेल्या वस्तू पुष्कळ दिसतात. त्या घेऊन संस्थेपर्यंत खरंच काही पोचतं का? की संस्थांचं साहित्य थेट विकत घ्यावं? तुम्ही काय करता, हिशेब कसा ठेवता, सविस्तर लिहा. फक्त पुण्याचंच असं नाही, कुठल्याही संस्थेबद्दल चालेल.

---

सह्यवासी | शनिवार, सकाळी ९:४०

धागा आवडला. वाचनखूण साठवली.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचं उदाहरण देतो. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांचं काम त्यांनी २००२ मध्ये सुरू केलं, २००६ पासून कासव महोत्सव. पर्यटक गावकऱ्यांच्या घरी राहतात, घरचं जेवण जेवतात आणि पैसा थेट त्या घरात जातो. अंडी चोरीला जाणाऱ्या किनाऱ्यावर गावच राखणदार झालं, त्यात या उत्पन्नाचा मोठा वाटा आहे. खर्च कुठे करायचा हे नीट ठरवलं तर काय होतं ते इथे बघायला मिळतं.

---

रसायनी | शनिवार, सकाळी १०:२५

मृण्मयीताई, पैशांचं इतर लोक सांगतील. मी डिटर्जंटच्या धंद्यात बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे मोरीतून नदीत काय जातं तेवढं सांगतो.

कपड्यांच्या पावडरीत मैल सोडवणारं द्रव्य असतं, त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. त्याच्या जोडीला जड पाणी मऊ करणारा घटक लागतो. त्यासाठी फॉस्फेट वापरलं असेल तर ते नदीत शेवाळ आणि जलपर्णीचं खत बनतं. घरांतून जाणाऱ्या मैल्यातही फॉस्फरस असतोच, म्हणजे पावडर बदलली की जलपर्णी संपली असं होणार नाही. पण भर कमी होते. आपल्याकडची साधी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं मुख्यतः सेंद्रिय घाण आणि गाळ काढण्यासाठी बांधलेली असतात. फॉस्फेट, सुगंधी रसायनं, औषधांचे अंश ती पुरते पकडत नाहीत. आणि बरंचसं सांडपाणी केंद्रापर्यंत पोचतच नाही, ही तर सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट.

‘जंतुनाशक’ साबणांबद्दलही सांगतो. ट्रायक्लोसान धरून १९ रसायनं असलेले हात-अंग धुण्याचे जंतुनाशक साबण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१६ मध्ये बाद ठरवले. साध्या साबण-पाण्यापेक्षा ते सरस असल्याचं कंपन्यांना दाखवता आलं नाही. घरात साधा साबण पुरतो.

मात्र रिठ्याबद्दल एक इशारा. रिठ्यातलं सॅपोनिन हेही फेस करणारं द्रव्य आहे आणि दाट प्रमाणात ते माशांना मारतं. अशा वनस्पती पाण्यात ठेचून मासे धरायची पद्धत पूर्वी अनेक ठिकाणी होती. म्हणून झऱ्यावर, ओढ्यात, विहिरीच्या काठावर रिठ्यानेसुद्धा धुणी धुवू नयेत. घरच्या वापरात ते पातळ होतं आणि जिवाणू ते पचवतात, तिथे हरकत नाही. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी उपाय म्हणजे पावडर कमी टाकणं. पाकिटावर जेवढी सांगितलेली असते त्याच्या निम्म्यात रोजचे कपडे निघतात.

---

अनघा_ठाणे | शनिवार, सकाळी ११:०३

रसायनी, फार उपयुक्त माहिती. निम्म्या पावडरीचं अगदी खरं.

मला दुसरी बाजू मांडायची आहे. ‘घरातली खरेदी बदला’ म्हणताना घरात ती कोण बदलतं? रिठे भिजवणं, उकळणं, गाळणं, दर दोन दिवसांनी नवं करणं, हे काम बहुतेक घरांत बाईच्याच अंगावर पडतं. नोकरी करून आलेल्या बाईला ‘नदीसाठी’ म्हणून आणखी एक काम देताना थोडा विचार व्हावा. आमच्याकडे ठरवून हे काम मुलगा आणि नवरा करतात. नाहीतर सरळ फॉस्फेट नसलेली तयार पावडर आणावी. त्यात काही कमीपणा नाही.

---

मृण्मयी_औंध | शनिवार, सकाळी ११:२०

अनघाताई, शंभर टक्के मान्य. आमच्याकडेही पाळ्या लावल्यात.

---

रेडिंगकर | शनिवार, दुपारी १:३०

नमस्कार. मी इंग्लंडमध्ये राहतो. ‘खरेदी करा, आपोआप दान होईल’ हा प्रकार इथे खूप वर्षं चालला आहे, म्हणून इथला हिशेब मांडतो.

ॲमेझॉनची ‘स्माइल’ नावाची सोय होती. तुम्ही निवडलेल्या संस्थेला खरेदीच्या अर्धा टक्का रक्कम मिळायची. फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीने ती बंद केली. १०० पौंडांची खरेदी केली की संस्थेला ५० पेन्स. म्हणजे संस्थेला ५ पौंड मिळायचे तर १००० पौंडांची खरेदी करायची! त्याऐवजी महिन्याला ५ पौंड थेट दिले, तर इथल्या गिफ्ट एड योजनेमुळे सरकार त्यावर सव्वा पौंड घालतं आणि संस्थेला सव्वासहा पौंड मिळतात. वर नको असलेली वस्तू घरात येत नाही ती वेगळीच.

फ्रेंड्स ऑफ द अर्थ ही संस्था इथे १९७१ मध्ये उभी राहिली. सुरुवातीची तिची गाजलेली कृतीच खरेदीबद्दलची होती. श्वेप्स कंपनीने परत न घेण्याच्या बाटल्या आणल्या, तेव्हा कार्यकर्त्यांनी रिकाम्या बाटल्यांचा ढीग लंडनमधल्या तिच्या कचेरीच्या दारात नेऊन मांडला. २००५ पासून त्यांनी मोहीम चालवली आणि २००८ मध्ये ब्रिटनचा हवामान बदल कायदा झाला. अगदी अलीकडे कंब्रियातल्या व्हाइटहेवनच्या कोळसा खाणीला मिळालेली परवानगी त्यांनी न्यायालयात आव्हान देऊन सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द करून घेतली.

वकील, तज्ज्ञांचे अहवाल, सुनावण्या, यांना जो पैसा लागतो तो कुठल्याच साबणाच्या वडीतून निघत नाही. तो लागतो सलग, दर महिन्याला आणि कुठलीही अट न घालता दिलेला.

एक बारकावा. फ्रेंड्स ऑफ द अर्थ म्हणजे दोन वेगळ्या संस्था आहेत, एक धर्मादाय न्यास आणि एक मर्यादित कंपनी. गिफ्ट एड फक्त न्यासाला दिलेल्या पैशांवर मिळतं. न्यासावर कायद्याची जी बंधनं आहेत ती कंपनीवर नाहीत, त्यामुळे राजकीय दबावाचं काम ती जास्त मोकळेपणी करते. आपण कुणाला देतोय ते पावतीवर बघावं.

---

भटकी_माऊ | शनिवार, दुपारी २:१५

रेडिंगकर, मग नैतिक खरेदी वगैरे सगळं सोडून फक्त दान द्यावं असं म्हणायचंय का? मला ते पटत नाही. रोजच्या खरेदीने माणूस विषयाशी बांधलेला राहतो. माझी आजी खादी वापरायची ती कुणाला देणगी द्यायची म्हणून नाही.

आणि बाजारावर दबाव येतोच की. इंडोनेशियातली जंगलं तोडून काढलेलं पाम तेल चॉकलेटमध्ये जातं म्हणून ग्रीनपीसने मार्च २०१० मध्ये नेस्लेविरुद्ध मोहीम काढली. ग्रीनपीस म्हणजे जगभर काम करणारी पर्यावरण संस्था. लोकांनी कंपनीला इतकं लिहिलं, की मे महिन्यात कंपनीने जंगलतोडीतून आलेलं पाम तेल घेणार नाही असं जाहीर केलं. त्यात खरेदीदार नसते तर?

---

रेडिंगकर | शनिवार, दुपारी २:४८

तसं नाही म्हणायचं. खरेदी बदलाच. पण खरेदीमागच्या अर्ध्या टक्क्यावर संस्था जगेल असं मानू नये, एवढंच. नेस्लेचंच घ्या. लोकांनी लिहिलं हे खरं, पण कुठलं तेल कुठल्या जंगलातून येतंय हे शोधून काढायला आधी कुणीतरी पगारी माणसं लागली. ग्रीनपीस कंपन्यांकडून आणि सरकारांकडून पैसे घेत नाही. ते पगार वर्गणीदारांनीच दिले.

चेहऱ्याला लावायच्या क्रीममधल्या प्लॅस्टिकच्या बारीक कणांचंही तसंच. नेदरलँड्समधल्या संस्थांनी २०१२ मध्ये मोबाइलवर असं ॲप आणलं की वस्तूवरची पट्टी दाखवली की त्यात प्लॅस्टिक आहे का ते कळायचं. ग्राहकांनी त्या वस्तू टाळल्या, काही कंपन्यांनी आपणहून बदल केला, आणि संस्थांनी तेवढ्यावर न थांबता कायदा मागितला. अमेरिकेत २०१५ मध्ये कायदा झाला, ब्रिटनमध्ये २०१८ मध्ये बंदी आली. ग्राहक आणि संस्था, दोघं मिळून झालं ते.

---

म्हापशेकार | शनिवार, संध्याकाळी ५:०५

गोव्याची बाजू मांडतो, कारण पैसा कुठे लागतो हे आमच्याकडे फार स्पष्ट दिसलं आहे.

गोवा फाउंडेशन ही पर्यावरणासाठी न्यायालयात लढणारी संस्था १९८६ पासून आहे. क्लॉड आल्वारिस आणि वकील नोर्मा आल्वारिस यांची नावं तुम्ही ऐकली असतील. खाणींविरुद्धची लढाई बघा. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये खाणकाम थांबवलं. एप्रिल २०१४ च्या निकालात सांगितलं, की २२ नोव्हेंबर २००७ नंतरचं सगळं खाणकाम बेकायदा होतं, आणि पुढच्या पिढ्यांसाठी खनिज विक्रीतून कायमस्वरूपी निधी उभारावा. तरी सरकारने खाणींच्या लीज, म्हणजे भाडेपट्टे, परत नव्या करून दिल्या. पुन्हा संस्था न्यायालयात. ७ फेब्रुवारी २०१८ ला ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द झालं.

इतकी वर्षं हे लढायचं म्हणजे दिल्लीच्या खेपा, हजारो पानांच्या छायाप्रती, नकाशे, माहिती अधिकारातले अर्ज. खाणीवर पोट असलेल्या लोकांचा रोषही सोसावा लागतो, आणि तो रोष समजून घेण्यासारखा आहे, गावंच्या गावं त्या कामावर होती. अशा कामाला कुठली कंपनी आपल्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून पैसे देणार? झाडं लावायला देतील, कचरापेट्यांना देतील. खटल्याला नाही देणार.

खरेदीचं म्हणाल तर याच मंडळींनी म्हापशाला अदर इंडिया बुकस्टोअर उभं केलं, पर्यावरण आणि सेंद्रिय शेतीची पुस्तकं छापली आणि विकली. चळवळीचा विचार पोचतो आणि चार पैसेही येतात. मला ही पद्धत सगळ्यात सरळ वाटते: संस्थेनेच काढलेली वस्तू, संस्थेकडूनच घ्यायची. मध्ये कुणाची टक्केवारी नाही.

---

हिशेबनीस | शनिवार, रात्री ९:३०

मी सनदी लेखापाल आहे, काही छोट्या संस्थांचे हिशेब बघते. चर्चेत ज्या गोष्टी यायला हव्यात त्या लिहिते.

देणगी आणि खरेदी कायद्याच्या नजरेत वेगळ्या आहेत. संस्थेकडून तुम्ही कापडी पिशवी किंवा दिनदर्शिका विकत घेतलीत तर ती विक्री झाली. त्यावर ८०जी या नावाने ओळखली जाणारी प्राप्तिकरातली सवलत मिळत नाही. सवलत फक्त देणगीला, बहुतेक संस्थांच्या बाबतीत रकमेच्या निम्म्यावर, आणि तीही तुम्ही जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. २००० रुपयांवरची रोख देणगी सवलतीत धरत नाहीत, म्हणून बँकेतूनच द्या. संस्थेकडून प्राप्तिकर खात्याने ठरवलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र मागून घ्या, नुसत्या पावतीवर भागत नाही.

संस्थेच्या बाजूनेही विक्री म्हणजे डोकेदुखी असते. विक्रीचे हिशेब वेगळे ठेवावे लागतात, साठा सांभाळावा लागतो, जीएसटीचं बघावं लागतं. दोन कार्यकर्त्यांच्या संस्थेने शंभर टी-शर्ट छापले आणि साठ पडून राहिले, की तो पैसा अडकलाच. म्हणून ‘तुम्ही काहीतरी विका, आम्ही घेऊ’ असा आग्रह संस्थेला करू नका. विकत असतील तर जरूर घ्या.

आता परदेशातल्या वाचकांसाठी, हे नीट वाचा. परकीय देणग्यांचा कायदा, म्हणजे एफसीआरए, नागरिकत्व बघतो. तुम्ही परदेशात राहता पण पासपोर्ट भारतीय आहे, आणि स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने पैसे पाठवता, तर ती परकीय देणगी धरत नाहीत. पण तुम्ही परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, हातात ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं) असलं तरी, तुमचा रुपया परकीय ठरतो. तो घ्यायला संस्थेकडे एफसीआरए नोंदणी हवी आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा. बऱ्याच छोट्या संस्थांकडे ही नोंदणी नाही. तुम्ही प्रेमाने पाठवलेले पैसे त्यांना अडचणीत आणू शकतात. आधी विचारा, मग पाठवा.

मात्र नेहमीच्या व्यवहारात विकलेल्या वस्तूची किंवा दिलेल्या सेवेची किंमत या कायद्याने परकीय देणगीच्या व्याख्येतून वगळली आहे. म्हणजे ओसीआय असलेल्या माणसाने अशा संस्थेचं पुस्तक योग्य किमतीला विकत घेतलं तर ती देणगी होत नाही. किंमत मात्र वाजवी हवी. २०० रुपयांच्या पुस्तकाला २०,००० देऊ नका, ती पळवाट होईल.

---

रेडिंगकर | शनिवार, रात्री १०:१० (भारतीय वेळेनुसार)

हिशेबनीस, शतशः आभार. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, पण इथल्या मंडळातले बरेचसे ओसीआयवाले आहेत. दिवाळीच्या भेटवस्तू म्हणून भारतातल्या संस्थांची पुस्तकं मागवायची असं आता सुचवतो. मराठी पुस्तकं मुलांच्या हाती येतील तेही आहेच.

---

जुन्नरचा_शेतकरी | रविवार, सकाळी ७:२०

शहरातले लोक नैतिक खरेदी म्हणतात तेव्हा आमच्याकडच्या मालाचा विषय येतोच, म्हणून लिहितो.

सेंद्रिय म्हणून दुप्पट भावाने विकला जाणारा सगळाच माल शेतकऱ्याला दुप्पट देत नाही. दाखला दोन तऱ्हांनी मिळतो. एक बाहेरच्या तपासणी संस्थेकडून, तो खर्च लहान शेतकऱ्याला परवडत नाही. दुसरा पीजीएस, त्यात आजूबाजूचे शेतकरी गट करून एकमेकांची शेतं तपासतात. आम्ही दुसरा घेतलाय. थेट घ्यायचं असेल तर अशा गटाकडून घ्या, एकदा शेतावर या, बांधावरून बघा. ज्वारी, हरभरा, तूर, गूळ, हे टिकणारं आहे, सहा महिन्यांतून एकदा एकत्र गाडी भरून नेता येतं.

नदीचा संबंध असा की खालच्या नदीत आमच्या शेतातलं खतही येतं. शहरातलाच साबण एकटा दोषी नाही.

---

अनघा_ठाणे | रविवार, सकाळी ८:४५

एकत्र गाडीवरून आठवलं. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच करत आली आहे. शेजारच्या घरांचा संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, माल आला की सदस्यांनीच वाटून घ्यायचा. माझी आई सदस्य होती, आता मी आहे. वाजवी दरात चांगला माल मिळतो, आणि तीच संस्था ग्राहकांच्या हक्कांसाठी सरकारकडे आणि न्यायालयात भांडते. मृण्मयी, तू जे शोधते आहेस त्याचं जुनं मराठी रूप मला हेच वाटतं. वाणसामान भरणं आणि लढणाऱ्या संस्थेचं सभासद असणं एकाच वहीत.

---

पिंपरीचा_पोरगा | रविवार, सकाळी १०:३०

पहिल्यांदाच प्रतिसाद देतोय, एरवी रोमात (नुसता वाचत) असतो.

मला महिन्याच्या शेवटी फार काही उरत नाही. ‘पर्यावरणपूरक’ म्हणून बांबूचा ब्रश, काचेची बाटली, सेंद्रिय कापसाचा शर्ट, हे सगळं महाग आहे. मग आमच्यासारख्यांनी काय करायचं? नैतिक खरेदी म्हणजे पैसेवाल्यांचं काम आहे का?

---

मृण्मयी_औंध | रविवार, सकाळी ११:१५

अरे, अजिबात नाही. तू बहुधा आमच्यापेक्षा कमीच विकत घेत असशील आणि नदीवर तुझा भार आमच्यापेक्षा कमीच असेल. असलेली स्टीलची बाटली सोडून नवी काचेची आणण्यात कसलं आलंय पर्यावरण! जुनं वापरणं, दुरुस्त करून घेणं, कमी घेणं, याला पैसे लागत नाहीत. आणि संस्थेला द्यायला पैसे नसतील तर वेळ दे. रविवारी सकाळी नदीकाठच्या फेरीला ये. नकाशे, मोजमापं, पक्ष्यांच्या नोंदी, हरकती टाईप करणं, या सगळ्याला माणसं लागतात. प्रकल्पावर हरकती मागवल्या जातात तेव्हा तुझी एक सही आणि माझी एक सही, दोन्ही सारख्याच मोजल्या जातात.

---

पिंपरीचा_पोरगा | रविवार, सकाळी ११:३२

हे जमेल. मला मराठी टायपिंग चांगलं येतं.

---

भटकी_माऊ | रविवार, दुपारी १२:४०

पुण्यातल्या लोकांनी ‘स्वच्छ’ संस्थेला विसरू नये. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, त्यातून पुढे कचरावेचकांची ही सहकारी संस्था झाली. सॅनिटरी पॅड गुंडाळून द्यायला तिच्या सदस्य बायका जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या बनवतात. मी त्या घेते. वेचणाऱ्या बाईच्या हाताला घाण लागत नाही आणि पिशवी बनवणारीला काम मिळतं. अशी खरेदी मला टक्केवारीच्या दानापेक्षा कितीतरी मोलाची वाटते, कारण ती वस्तू वापरण्यातच काम होऊन जातं.

---

सह्यवासी | रविवार, दुपारी ३:१०

‘नफ्यातला काही भाग’ या मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलंच. मी एकदा एका कंपनीला लिहून विचारलं होतं, की कुठल्या संस्थेला, किती, गेल्या वर्षी नेमके किती. उत्तर आलं ते गोड शब्दांचं, आकडा एकही नाही. तेव्हापासून माझा नियम: संस्थेचं नाव आणि रक्कम दोन्ही छापलेली नसतील तर ती ओळ वाचलीच नाही असं समजायचं. ‘नफ्यातला’ हा शब्द तर फारच सोयीचा, नफा झालाच नाही तर काय?

उलट १% फॉर द प्लॅनेट या २००२ च्या उपक्रमात कंपन्यांना नफ्यावर नव्हे, विक्रीवर एक टक्का द्यावा लागतो. तोटा झाला तरी द्यायचा. फरक तिथे आहे.

---

हिशेबनीस | रविवार, दुपारी ३:४५

सह्यवासींना अनुमोदन. आणि हे फक्त सदिच्छेवर सोडलेलं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फसव्या पर्यावरणीय दाव्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’, ‘नॅचरल’ असे मोघम शब्द पुराव्याशिवाय आणि खुलाशाशिवाय वापरता येत नाहीत. शंका वाटली तर पाकिटाचा फोटो काढून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

---

मृण्मयी_औंध | रविवार, संध्याकाळी ६:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी इमारतीतल्या घरांची बैठक झाली, तुमचे प्रतिसाद तिथे वाचून दाखवले. काय ठरलं ते लिहिते.

वाणसामानात जे बदलतो आहोत ते नदीसाठी, त्यातून संस्थेला पैसे जातील अशी अपेक्षा ठेवायची नाही. पावडर निम्मी, सुगंधी द्रावणं बंद, महागडे ‘हरित’ पर्याय आणायचे नाहीत. या कमी केलेल्या खरेदीत दर घराचे महिन्याला जे काही वाचतील, ते एका डब्यात न ठेवता ज्याने-त्याने थेट संस्थेच्या खात्यात, बँकेला कायमची सूचना देऊन पाठवायचे. रक्कम ज्याची त्याने ठरवायची, जाहीर करायची नाही. देणगीवर ‘अमुक कामासाठीच’ अशी अट घालायची नाही, वकिलाची फी असो की कार्यालयाचं वीजबिल, संस्थेने ठरवावं. ज्वारी आणि डाळी जुन्नरहून एकत्र आणायच्या. दिवाळीला भेट म्हणून संस्थांची पुस्तकं आणि दिनदर्शिका.

एका काकांचा विरोध होता, तोही नोंदवते. त्यांचं म्हणणं, आपण कर भरतो, नदी स्वच्छ ठेवणं महापालिकेचं काम आहे, त्यासाठी वेगळे पैसे का द्यायचे? मी त्यांना एवढंच म्हटलं, की महापालिकेने ते काम करावं म्हणून पाठपुरावा करणाऱ्यांनाच आपण देतोय. त्यांना पूर्ण पटलं नाही, पण हरकतींच्या अर्जावर सही करायला ते तयार आहेत.

जुन्नरकर दादा, साधारण पंधरा घरांची मागणी एकत्र दिली तर चालेल का? आणि गाडीभाडं कसं धरायचं?

---

जुन्नरचा_शेतकरी | रविवार, रात्री ८:०५

चालेल ताई. पंधरा घरांना छोटा टेम्पो पुरतो, भाडं वजनावर वाटून घ्या. नवी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, तूर त्याच्या थोडी आधी. आत्ता गूळ आणि हरभरा देऊ शकतो. गोणपाटात भरून देईन, प्लॅस्टिकच्या पिशव्या नाहीत. गोण्या परत पाठवा म्हणजे झालं. घरटी किती किलो ते गुरुवारपर्यंत कळवा.